तरंगणारा चांद आणि माझे २४,३५९ रुपये

मोटार वायंडिंगचा धंदा करून मला बावीस वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं वाचताना तुम्ही म्हणणारच की याला एवढंही कळू नये? नाही कळलं. कॉइल आणि चुंबकावर ज्याचं घर चालतं, तोच माणूस चुंबकाच्या नावानं बुडाला.

पावसाळ्यात आमचं दुकान म्हणजे माशा मारणं. शेतात पाणी साचलेलं, मोटारपंप बंद, मग जळणार कुठून? कापूस घरात येईपर्यंत लोकांच्या हातात पैसा नसतो, झालेल्या कामाचीही उधारी. अशात नागपंचमीच्या सुमारास मोबाइलवर तो व्हिडिओ आला. लाकडी पाटी आणि तिच्यावर वीतभर उंच हवेत फिरणारा, आतून उजळलेला पांढरा चांद. खाली आधार नाही, वर दोरा नाही. पोरगी म्हणाली, "बाबा, हा महालक्ष्म्यांपुढे ठेवला तर?" आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या सजावटीत कोणाची आरास भारी, याच्यावर वर्षभर बोलणं चालतं. नमुन्याचे १,४९९ रुपये भरले. तो नमुना आजतागायत आलेला नाही.

नमुन्याऐवजी फोन आला. गोड आवाज, प्रत्येक वाक्याला 'सर'. तुमच्या तालुक्याची डीलरशिप मोकळी आहे, अनामत ११,०००, परत मिळणारी. दहा नग ९५० च्या भावानं ९,५००. वाहतूक आणि विमा २,३६०. एक नग आरामात अडीच हजाराला जातो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: आज सहा वाजेपर्यंत, नाहीतर शेजारचा तालुका घेऊन जाईल. मी हुशारी दाखवली, म्हटलं व्हिडिओ कॉलवर चालू करून दाखवा.

त्यानं दाखवलं. आणि इथंच माझ्या अकलेवर झापड आली. कोणतंही यंत्र समोर आलं की माझी नजर आधी वायर शोधते, सवयच आहे. पाटीला वायर नव्हती. मी विचारलंसुद्धा, "वायर कुठं आहे?" तो हसला. "सर, हेच तर! पर्मनंट मॅग्नेट आहे. तुमच्याकडे लोडशेडिंग असतं ना? लाइट गेली तरी चांद तरंगतच राहतो." असं म्हणून तो पाटी हातात घेऊन खोलीभर फिरला. कॅमेऱ्याची चौकट मात्र चांदाच्या वर चार बोटंही कधी गेली नाही, हे मला आत्ता आठवतं.

लहानपणी जळालेल्या स्पीकरमधून काढलेल्या दोन चुंबकाच्या चकत्या मी पेन्सिलीत ओवायचो. तोंडाला तोंड उलटं केलं की वरची चकती अधांतरी राहायची. पण पेन्सिल काढली की? क्षणात चकती कूस बदलायची आणि खालच्या चकतीला चपकन चिकटायची, मध्ये बोट आलं तर कळ मस्तकात. शंभरदा केलेला खेळ. नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर वस्तू हवेत टिकत नाही, हे अर्नशॉ नावाच्या इंग्लंडच्या गणितज्ञानं १८४२ सालीच गणितानं दाखवून दिलं होतं. मला अर्नशॉ माहीत नव्हता, पण पेन्सिल माहीत होती ना! विचारायला हवं होतं, बाबा रे, तुझी पेन्सिल कुठं आहे?

तरंगणाऱ्या वस्तू खोट्या नसतात, हेही सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल रागानं लिहितो आहे. खऱ्या वस्तूच्या तळात कॉइल असते आणि ई-बाइकच्या मोटारीत असतो तसा, चुंबकाचा जोर ओळखणारा हॉल सेन्सर. चांद जरा कलला की सेन्सरला कळतं, लगेच कॉइलचा करंट कमीजास्त होतो, असं सेकंदाला शेकडो वेळा. म्हणून अडॅप्टरची वायर लागतेच. लाइट गेली की चांद धाडकन खाली. जपानची चुंबकी रेल्वे २०१५ साली ताशी ६०३ किलोमीटर धावली, तीही अतिथंड केलेल्या कॉइलच्या जोरावर, फुकटात नाही. आणि एवढं सगळं साडेनऊशेत बसेलच कसं? तांब्याची तार मी किलोनं घेतो, मला भाव ठाऊक आहे. पण मी भरलेले पैसेच मुळात तारेसाठी ठेवलेले होते. राखीच्या आदल्या दिवशी भरले, सहाला दहा मिनिटं कमी असताना.

पोळ्याच्या दिवशी खोकं आलं. दहा पोकळ प्लॅस्टिकचे गोळे, आत बटन सेलचा दिवा. दहा पाट्या, प्रत्येकीत एक स्पीकरची चकती. आणि एका पुडीत पारदर्शक नायलॉनचा दोरा, मासे धरायला गळाला लावतात तसला.

बायको म्हणाली, "आता दोराच हाय तं टांगा अन् मोकळे व्हा." टांगला. खरं सांगतो, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी अर्ध्या गल्लीनं हात जोडले. मग गर्मी होते म्हणून साळ्यानं पंखा लावला आणि चांद झोके घेऊ लागला. चार बायांनी पाचपाचशे देऊन बुकिंग केलं होतं, ते २,००० त्याच रात्री परत केले.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण पैसे गेल्यावर तीन आठवड्यांनी. ही चूक तुम्ही करू नका, पहिल्या तासाभरात करा. उशीर झाला की त्यांचं खातं रिकामं झालेलं असतं. मग बँक. "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. मग पोलीस ठाणं, एसटीनं सतरा किलोमीटर, तीन चकरा. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी प्रिंट काढून आणा. तिसऱ्या दिवशी हवालदारानं खोकं उघडून गोळा हातात फिरवला आणि विचारलं, "भाऊ, पण हे खरंच तरंगते का?" मी गप्प. मग म्हणाले, माल तर मिळाला ना, ही फसवणूक नाही, दिवाणी मामला आहे. ग्राहक आयोगात जा.

गेलो. म्हणजे आधी वकिलाकडे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, इथवर मी खूश. मग ते म्हणाले, तुम्ही दहा नग विकायला घेतले, मग कायद्यानं तुम्ही ग्राहकच नाही. फक्त नमुन्याच्या १,४९९ पुरते ग्राहक. बावीस हजार आठशे साठ रुपयांसाठी मी कोण, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. ठाणं म्हणतं व्यापार, वकील म्हणतात व्यापारी, आणि ज्यानं लुटलं त्याचा नंबर बंद. खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढला नाही, याच्यावरही बोलणी खाल्ली. तुम्ही काढा.

नमुना हातात आल्याशिवाय एक रुपयाही पुढं सरकवू नका. 'परत मिळणारी' म्हणून कोणी अनामत मागितली तर फोन तिथंच ठेवा.

शाळेत असताना गावात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आले होते, पाण्यानं दिवा पेटवून दाखवला आणि खाली कॅल्शियम कार्बाइड असतं ते समजावलं. पहिल्या ओळीत बसून मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो, असा दिवा पेटवणाऱ्या बाबाच्या पाया पडणाऱ्यांना.

परवा नव्या नंबरवरून फोन आला. तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फाइल चार्ज ९९९. तोच 'सर', तोच गोडवा. नंबर लिहून ठाण्यात नेऊन दिला. हवालदारानं तो वहीच्या मागच्या पानावर टिपला आणि म्हणाले, उचलत जाऊ नका.