ट्रान्सफर केस आधी की सोबतच?

1987 ते 2001 च्या जीप चेरोकी एक्सजेमध्ये चार लिटर इंजिनामागे बऱ्याचदा एडब्ल्यू4 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि त्यामागे एनपी231 ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) असते. गिअरबॉक्स उतरवायचा, तर ही केस आधी काढायची की त्याच्यासोबतच, हा प्रश्न. दोन्ही एकत्र उतरवले तर सहा नट खोलायचे वाचतात, पण सगळं धूड मागे आणि एका बाजूला कलतं. लिफ्ट आणि पट्टेवाला गिअरबॉक्स जॅक असेल तरच या वाटेला जा.

अंगणात, स्टँडवर गाडी टेकवून काम करणार असाल तर ट्रान्सफर केस आधी काढा. तासभर जास्त जाईल, जाऊ दे; छातीवर गिअरबॉक्स घेण्यापेक्षा बरं.

बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलेलं तोंड) वरचे दोन बोल्ट मात्र दोन्ही पद्धतींत सारखेच रडवतात. त्यांना ई12 टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या डोक्यावर बसणारा) सॉकेट लागतो. क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी) काढून गिअरबॉक्सची शेपटी खाली झुकवली, की मागून लांबलचक एक्स्टेंशन घालून ते हाताला लागतात. बेलहाउसिंगवरचा क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) आधीच सोडवा, नाहीतर चिरडला म्हणून समजा. टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) चार बोल्टही आधीच काढा. तो गिअरबॉक्ससोबतच बाहेर यायला हवा. मधेच निसटला तर तेलाची अंघोळ फुकट!