नऊ महिने पर्समध्ये फुटाण्यांची डबी, माझा अनुभव

मी घोडबंदर रोडला राहते, ऑफिस रबाळे एमआयडीसीत. सकाळी आठला घर सोडलं की परत यायला साडेआठ, जेवायला साडेनऊ. डाएटिशियनने दिवसाला १५०० कॅलरी ठरवून दिल्यात. नाश्ता, दुपारचा डबा सगळं नीट चालायचं, गाडी घसरायची ती संध्याकाळी, कारण ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला उतरले की बाहेर गरम वड्यांचा वास आणि पोटात कावळे. एक वडापाव म्हणजे ३०० च्या आसपास कॅलरी आणि घरी जेवण होतंच.

आधी एनर्जी बार आणले. दोन महिने खाल्ले, पटले नाहीत. ४० ग्रॅमचा एक बार १७०-१८० कॅलरीचा, दोन घासांत संपतो आणि तासाभराने परत भूक. पुढे मोठ्या अक्षरात साखर नाही लिहिलेलं, मागे बघितलं तर पहिलंच नाव खजुराचं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे सगळ्यात जास्त तेच, आणि गोड ते गोडच ना. मे महिन्यात एकाचं चॉकलेट पर्समध्ये वितळलं, तिथेच बंद केले.

मग जूनपासून साधे फुटाणे, सालासकट, बिनमिठाचे. ३० ग्रॅम म्हणजे साधारण ११० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रोटीन. चावायला वेळ लागतो, घणसोलीला बसून सुरू केले तर ऐरोली गेलं तरी डबीत असतात, वर पाणी प्यायलं की घरापर्यंत निभतं. जांभळी नाक्यावरून अर्धा किलो आणते, बारच्या मानाने खर्च काहीच नाही. खारे आणू नका, तहान तहान होते. आणि एकदा भुकेत डबलचे खाल्ले तर रात्रभर पोट फुगलं होतं, तेव्हा जपून.

पण खरा फरक पडला तो वजनकाट्याने. आधी मी अंदाजाने मूठभर घ्यायचे. एकदा सहज माझी शेंगदाण्यांची मूठ काट्यावर ठेवली, ४५ ग्रॅम!! म्हणजे अडीचशे कॅलरी, जवळजवळ वडापावच, आणि मी महिनोन्महिने हलकं खाल्लं असं समजत होते. शेंगदाणे वाईट नाहीत हो, पण त्यात तेल भरपूर आणि तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, पिठूळ पदार्थाच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे मुठीत कळत नाही. आता रविवारी रात्री सहा छोट्या स्टीलच्या डब्या मोजून भरते, दहा मिनिटांचं काम. पर्समध्ये एकच डबी, ती संपली की संपलं. मोठं पाकीट बरोबर नेलं तर हात थांबत नाही, हे मी करून बघितलंय.

मखाणेही घेते, वाशीच्या मसाला मार्केटमधून, महाग आहेत. २० ग्रॅमची डबी गच्च भरते आणि कॅलरी ७०च, पण तूप मोजून घाला, एका छोट्या चमच्याला ४५ कॅलरी वाढतात आणि मखाणे तूप पितात. शिवाय पावसाळ्यात सकाळी कुरकुरीत भरलेले संध्याकाळी सादळलेले, चामट लागतात, अगदी घट्ट झाकणाची डबी असेल तरच न्या. जुलै-ऑगस्टमध्ये मी नेलेच नाहीत. नागपंचमीला आणलेल्या ज्वारीच्या लाह्या उरल्या होत्या त्या चाट मसाला लावून नेल्या, हलक्या आहेत पण नुसत्या लाह्यांनी माझं तरी भागत नाही, त्यात थोडे फुटाणे टाकावेच लागतात.

एक अडचण सांगते. लेडीज डब्यात आमचा ग्रुप आहे, कुणाची चकली, कुणाची शंकरपाळी, आणि "घे गं, एकाने काय होतंय" याला नाही म्हणणं मला जड जातं. मग मी एक घेते आणि माझी डबी पुढे करते. आता दोघीजणी स्वतःची डबी आणायला लागल्यात, त्यातली एक उकडलेलं अंडं आणते, ७० कॅलरी, तेही छान, फक्त गर्दीत सोलायला जमत नाही म्हणून ती ऑफिसातून निघायच्या आधी खाते.

वजन साडेचार किलो उतरलंय, पण रोज अर्धा तास चालणंही आहे त्यात, सगळं फुटाण्यांनी झालं असं नाही म्हणणार. वडापाव आता शनिवारी, घरच्यांबरोबर, बसून. आणि हो, फुटाणे आणल्यावर दोन दाणे चावून बघा, जुने असतील तर खवट लागतात, मग परत करा.