गोचीड-पट्ट्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

गेल्या पावसाळ्यात आमच्या बंड्याच्या, म्हणजे चार वर्षांच्या गावठी कुत्र्याच्या, कानामागे गोचीड दिसू लागले, तेव्हा मी ऑनलाइन एक गोचीड-पट्टा मागवला. परदेशी कंपनीचा, आठ महिने टिकणारा असा हा पट्टा दुकानात ज्या किमतीला मिळतो, तिच्या तिसऱ्या हिश्शालाही तो तेथे मिळत होता. एवढी मोठी सूट का, हा प्रश्न मला पडायला हवा होता; पण खालचे 'अस्सल माल आहे' असे अभिप्राय वाचून मी पैसे भरले.

डबा पत्र्याचा आणि छपाई सुबक होती. पट्ट्याला मात्र गोठ्यात फवारणी केल्यावर येतो तसा उग्र दर्प होता. औषधाचा वास असाच असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. मान आणि पट्टा यांत दोन बोटे जातील एवढी जागा ठेवून, उरलेले टोक कापून, मी तो रीतसर बांधला.

तिसऱ्या दिवसापासून बंड्या मान खाजवू लागला. पाचव्या दिवशी पट्टा सरकवून पाहिला, तर खाली बोटभर रुंदीची केस गेलेली, लाल, पाणी सुटलेली कातडी होती. तोंडातून लाळ गळत होती आणि एरवी जिन्यावरचे पाऊल ओळखून भुंकणारा हा प्राणी हाक मारूनही उठत नव्हता. पट्टा लगेच काढला, भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने मान धुतली, आणि पट्टा व डबा पिशवीत घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी डबाच मागितला. त्यावरचा बॅच क्रमांक आतल्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता आणि माहितीपत्रकात औषधाच्या नावाचे स्पेलिंगही चुकलेले होते. मूळ पट्ट्यात इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन ही दोन कीटकनाशके असतात. काही पट्ट्यांत अमिट्राझ असते. त्याने विषबाधा झाली तर कुत्रा सुस्त होतो, नाडी मंदावते, रक्तातली साखर वाढते आणि त्यावरचा उताराही वेगळा असतो. "यात काय घातले आहे हेच मला ठाऊक नाही, मग उतारा कशावर देऊ?" हे त्यांचे वाक्य मला पैशांच्या नुकसानीपेक्षा जास्त लागले.

अस्सल पट्टा सगळ्याच कुत्र्यांना सोसतो असेही नाही, हे त्यांनीच सांगितले. मूळ पट्ट्यानेही काहींच्या कातडीला खाज सुटते, काहींना उलट्या होतात किंवा मरगळ येते. अमेरिकेत तर याच दोन औषधांच्या पट्ट्याबद्दल हजारो तक्रारी आल्यावर तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने फेरतपासणी केली आणि जुलै २०२३ मध्ये विक्री चालू ठेवली, ती पाच वर्षांच्या मुदतीने आणि वेष्टनावर ठळक इशारे छापण्याच्या अटीवर. मात्र अस्सल पट्ट्याने त्रास झाला, तर निदान उपचार कशावर करायचे ते डॉक्टरांना कळते.

पट्ट्याने गोचीड गेलेच नव्हते, हे पंजे उघडून पाहिल्यावर कळले. बोटांच्या बेचक्यांत ते तसेच फुगून बसले होते. दोन आठवड्यांनी बंड्याला ताप आला, रक्तातल्या प्लेटलेट घटल्या, गोचीडतापाचे निदान झाले आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवस चालल्या.

विक्रेत्याचे उत्तर एका ओळीचे होते: परत करण्याची मुदत संपली आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि बिल, डब्याचे फोटो व डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. पट्ट्याचे पैसे परत आले, उपचारांचा खर्च अंगावरच पडला. बाहेरचा खोका मी रद्दीत टाकला होता, नाहीतर त्यावरचा विक्रेत्याचा पत्ताही हाती राहिला असता. तेव्हा अशी वस्तू घेतल्यावर काही दिवस काहीही फेकू नका.

आता बंड्याला दवाखान्यातूनच गोचिडाची गोळी मिळते. पहिली गोळी देण्याआधी डॉक्टरांनी विचारले, याला कधी फिट आली होती का? काही कुत्र्यांना या गोळ्यांनी झटके येतात, म्हणून ते विचारावे लागते. पट्टा विकणाऱ्याने मला फक्त पिनकोड विचारला होता.