सोलहून डीएमझेडची अर्ध्या दिवसाची सहल: अण्णांना आजोबांचा कोरिया दाखवताना

मागच्या ऑक्टोबरात अण्णा कोल्हापूरहून आमच्याकडे, सोलजवळच्या सुवॉनला आले. बॅगेत शेंगदाण्याची चटणी होती, मेतकूट होतं आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला आजोबांचा एक फोटो होता. जाड कोट घातलेले आजोबा, मागे तंबू आणि काटेरी तार. पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेलं, "कोरिया, 1953". अण्णांना राजवाडे बघायचे नव्हते, बाजारही नको होता. "तारेपतूर ने मला," एवढंच म्हणाले. म्हणून डीएमझेडची, म्हणजे दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्याची, ही सहल घेतली.

माणशी साधारण 65 हजार वॉन. सकाळी सोलमधून बस सुटते आणि दुपारी दोनपर्यंत परत आणून सोडते. इमजिनगाक हे सीमेजवळचं स्मारक-उद्यान, उत्तर कोरियानं दक्षिणेत घुसायला खणलेला तिसरा बोगदा, दोरा वेधशाळा आणि युनिफिकेशन व्हिलेज हे सीमेजवळचं गाव, असा मार्ग. पुलावर सैनिक बसमध्ये चढून प्रत्येकाचा पासपोर्ट बघतो. त्या दोन मिनिटांत अख्खी बस गप्प झाली. अण्णांनी पासपोर्टात आजोबांचा फोटो ठेवला होता. सैनिकानं तो क्षणभर बघितला आणि मान हलवून पुढे गेला.

व्यवस्थेबद्दल तक्रार नाही. बस वेळेवर आली, गाईड मुलगी मनापासून बोलणारी होती आणि वयस्कर माणसांसाठी तिनं बोगद्यातल्या मोनोरेलची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. हा बोगदा 1978 मध्ये सापडला. जमिनीखाली 73 मीटरवर आहे आणि लांबी 1,635 मीटर. मोबाईल बाहेर लॉकरमध्ये, डोक्यावर हेल्मेट. आत भिंती ओल्या, जागोजागी पिवळ्या रंगानं खुणा केलेल्या. सुरुंगासाठी पाडलेली ती भोकं दक्षिणेकडे तोंड करून आहेत. बोगदा सापडल्यावर उत्तर कोरियानं ही कोळशाची खाण असल्याचं सांगितलं आणि त्यासाठी ग्रॅनाइटच्या भिंतींना काळं फासलेलं आहे. अण्णांनी बोट फिरवून बघितलं, बोट काळं झालं. शेवटी काँक्रीटची भिंत येते आणि तिथून मागे फिरायचं. उंच माणसानं आत सांभाळून चालावं, माझ्या नवऱ्याचं हेल्मेट चार वेळा छताला लागलं.

दोरा वेधशाळेवरून दुर्बिणीतून उत्तर कोरिया दिसतो. दोन गावं, दोन झेंडे. दक्षिणेचा खांब सुमारे 100 मीटर उंच, म्हणून उत्तरेनं 160 मीटरचा उभारला. गाईडनं हे रंगवून सांगितलं, लोकांनी फोटो काढले. मला वाटलं, आता ती टेबलावरच्या झेंड्यांकडे वळेल. ती वळलीच नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

ही खांबांची चढाओढ सुरू झाली ती वाटाघाटींच्या टेबलावर. कोरियन युद्ध थांबवण्यासाठी 10 जुलै 1951 ला केसाँगमध्ये बोलणी सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूनं टेबलावर छोटा झेंडा ठेवला, तर समोरच्या उत्तर कोरियावाल्यांनी त्याहून उंच आणून ठेवला. अमेरिकेचे अ‍ॅडमिरल टर्नर जॉय यांना बसायला मुद्दाम बुटकी खुर्ची दिली. 10 ऑगस्टला तर दोन्ही बाजू 2 तास 11 मिनिटं एकमेकांकडे बघत नुसत्या बसून राहिल्या, कुणी अवाक्षर काढलं नाही. आणि हे सगळं चाललेलं असताना डोंगरांवर माणसं मरत होती. नंतर बोलणी सीमेवरच्या पानमुनजोम गावी हलली. पानमुनजोम इथून किती जवळ, पण सहलीत त्याचा उल्लेख जेमतेम तीन वाक्यांचा.

बोलणी सर्वांत जास्त अडली ती युद्धकैद्यांवर. परत जायला तयार नसलेल्या कैद्यांचं काय करायचं, या एका प्रश्नावर वर्षाहून जास्त काळ गेला. डिसेंबर 1952 मध्ये संयुक्त राष्ट्रांत भारताचा ठराव मंजूर झाला, त्यावर आधी चीन आणि रशिया दोघंही चिडले होते. तरी शेवटी तोडगा निघाला तो त्याच धर्तीवर. तटस्थ देशांचा आयोग नेमला, अध्यक्ष जनरल थिमय्या. कैदी सांभाळायला भारताची फौज गेली आणि तिचे प्रमुख होते आमच्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. 27 जुलै 1953 ला युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या, पण राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्या दक्षिण कोरियानं सही केली नाही. आपल्या भूमीवर भारतीय सैनिकाचा पाय लागू देणार नाही असं री यांनी बजावलं, म्हणून आपल्या जवानांना इंचॉनजवळ जहाजांवरूनच हेलिकॉप्टरमध्ये घालून थेट डीएमझेडमध्ये उतरवलं. आजोबा सांगायचे, "जहाजावरनं उचललं ते तारंतच ठेवलं." लहानपणी मला ती थाप वाटायची.

बावीस हजारांहून जास्त कैदी आपल्या फौजेच्या ताब्यात होते. मायदेशी परत चला असं कैद्यांना समजावायचा एक तंबू असायचा, त्याला बाहेर पडायला दोन दारं, एक मायदेशी जाण्याचं, दुसरं न जाण्याचं. कैदी ओरडायचे, अंगावर धावायचे, आपले जवान दोन्ही दंड धरून त्यांना आत न्यायचे. एका कुंपणात कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरलं तेव्हा थोरातसाहेब स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. पुढे त्यांना अशोकचक्र वर्ग 2 मिळालं. आमच्या घरात ही गोष्ट दर दिवाळीला निघते.

या सहलीत यातलं काहीच नाही. जिनसेंगच्या दुकानात मात्र आम्हाला 40 मिनिटं बसवलं आणि इमजिनगाकला जेमतेम 20 दिली. तिथं गोळ्यांनी चाळण झालेलं गंजकं इंजिन आहे, तारेवर लोकांनी बांधलेल्या रंगीत फिती आहेत. ताटातूट झालेली घरं सणाला इथूनच उत्तरेकडे तोंड करून पूर्वजांना नमस्कार करतात. अण्णा तारेजवळ गेले, फोटो काढून हातात धरला आणि उभे राहिले. तेवढ्यात बसचा हॉर्न. मला फार राग आला. या एका गोष्टीसाठी मी एक तारा कापते, पाचपैकी चार.

परतीच्या वाटेवर अण्णांनी गाईडला फोटो दाखवला. मी इंग्रजीत सांगत गेले, ती ऐकत राहिली. भारतीय फौजेचं तिला ठाऊक नव्हतं. ते तिच्या प्रशिक्षणातच नसेल तर दोष तिचा नाही. तिनं वही काढली, थोरातांचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि कोरियन अक्षरांत लिहिलं. अण्णा म्हणाले, "त्या मानानं पोरगी चांगली हाय."

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी बंद असतं. मूळ पासपोर्ट लागतो, मोबाईलमधला चालत नाही. गुडघे दुखत असतील तर मोनोरेल आधीच सांगून ठेवा. आणि इमजिनगाकला जास्त वेळ हवा असेल तर बुकिंग करतानाच विचारा. आम्ही नंतर एकदा लोकलनं तिथं पुन्हा गेलो, तारेजवळ दीड तास बसलो, सोबत नेलेली चटणी-भाकरी खाल्ली.