पहिल्याच रिंगला फोन उचलला, तिथंच ओळखायला हवं होतं

कराडमध्ये माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, जत्रेचे फ्लेक्स, वर्षश्राद्धाची कार्डं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या पंधरा वर्षांच्या फायली साठून जुनी हार्ड डिस्क गच्च भरली होती. म्हणून गेल्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईला बहिणीकडे गेलो, तेव्हा लॅमिंग्टन रोडच्या कंप्युटर बाजारात चक्कर टाकली आणि ४ टीबीची नवी डिस्क घेतली. ९,२०० रुपये.

दुकानदार बोलायला गोड. "पक्कं बिल पाहिजे का साधं? पक्क्याला अठरा टक्के वर लागतील." मी काय निवडलं असेल ते तुम्हाला कळलंच. त्याने स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर '४ टीबी, ३ वर्षं वॉरंटी' असं लिहिलं, शिक्का मारला, झालं बिल. यूपीआयने पैसे पाठवले तर समोर दुकानाचं नाव न येता कुणा बाईंचं नाव आलं. तेही मला खटकलं नाही. साडेसोळाशे वाचले या आनंदात मी कोपऱ्यावर वडापाव खाल्ला.

डिस्कला खोका नव्हता, नुसती चंदेरी पिशवी. "बल्क पॅकिंग आहे साहेब, माल ओरिजिनल." असा माल असतो, हे खरंच आहे. कंप्युटर बनवणाऱ्या कंपन्यांना डिस्क अशाच, खोक्याशिवाय जातात. पण त्या डिस्कची वॉरंटी कंप्युटर बनवणाऱ्याकडून मिळते, सुटी विकत घेणाऱ्याला मिळत नाही. हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरी येऊन सगळा डेटा नव्या डिस्कवर टाकला. जुनी फॉरमॅट करून भाच्याला सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी देऊन टाकली. हा गाढवपणा मात्र शंभर टक्के माझा, त्यात दुकानदाराचा काही हात नाही.

एप्रिलच्या शेवटी, ऐन लग्नसराईत, एका सकाळी टक, टक, टक असा आवाज सुरू झाला. आधी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग कंप्युटरला कान लावला. दुपारपर्यंत डिस्क दिसायची बंद झाली. सात पत्रिकांची कामं त्यात, आणि दोन तर प्रूफ पास होऊन छपाईला निघालेल्या.

बसस्टँडमागे रिपेअरिंग करणारा एक पोरगा आहे, हुशार. त्याने डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, दोनचार वेळा चालू-बंद केली आणि ती क्षणभर दिसल्याबरोबर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उघडला. "काका, कधी घेतली म्हणालात?" म्हटलं, अकरा आठवडे झाले. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पॉवर ऑन अवर्स: ३१,४१२. गाडीला किलोमीटरचा काटा असतो, तसा डिस्कला तासांचा असतो, हे मला पन्नाशीला कळलं. चोवीसने भागून बघा. साडेतीन वर्षं ती डिस्क कुठंतरी रात्रंदिवस फिरत होती आणि मग पुसूनपासून मला नवी म्हणून विकली.

माझ्या दुकानदाराने काटा मागे फिरवायचेही कष्ट घेतले नव्हते. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याची प्रकरणं बाहेर आली, त्यांत तासांची नोंद शून्यावर आणलेली होती. त्या डिस्क आधी चिया नावाच्या क्रिप्टो चलनासाठी राबवल्या असाव्यात असा संशय होता. म्हणजे तास कमी दिसले तरी निर्धास्त होऊ नका. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बघा, आणि बघायचं ते पैसे देण्याआधी, काउंटरवर उभं राहूनच.

मी ते नंतर बघितलं. हा माल सिस्टिमचा भाग म्हणून विकलेला आहे, मूळ विक्रेत्याशी संपर्क साधा, असं उत्तर आलं.

माझ्यासाठी विक्रेता म्हणजे लॅमिंग्टन रोडचा दुकानदार. तो म्हणाला, "आरएमएला, म्हणजे बदलून घ्यायला कंपनीकडे, आम्ही टाकत नाही, तुम्हीच कंपनीशी बोला." कंपनीचा नंबर लावला. इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, मग वीस मिनिटं तीच ती सनई. माणूस आला की सिरियल नंबर मागणार. मी डी फॉर दिल्ली, झेड फॉर झेब्रा करत पूर्ण नंबर सांगणार, आणि शेवटच्या दोन अक्षरांना फोन कटणार. पुन्हा लावला की नवा माणूस, पुन्हा डी फॉर दिल्ली. चार दिवसांत नऊ फोन केले. तक्रार क्रमांक तीन मिळाले आणि तिन्ही 'सोडवण्यात आली' म्हणून आपोआप बंद झाले. ईमेलला उत्तर यायचं की आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया बिलाची प्रत जोडा. मी व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीचा फोटो जोडला. त्यावर पुढे काहीच आलं नाही.

इथपर्यंत नुकसान ९,२०० रुपयांचं आणि डेटाचं. पुढचं मी स्वतः बोलावून घेतलं.

पाचव्या दिवशी कंटाळून मी कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर नंबर' एवढंच मोबाइलवर शोधलं. सगळ्यात वर एक दहा आकडी नंबर आला. लावला तर पहिल्याच रिंगला उचलला! तिकडचा मुलगा इतका अदबीने बोलला की माझा घसाच दाटून आला. सिरियल नंबर एकदाच विचारला. नंबर परत म्हणून दाखवला. नवी डिस्क चार दिवसांत घरपोच, फक्त पिकअपच्या नोंदणीचे दहा रुपये भरा आणि 'सपोर्ट अ‍ॅप' टाका म्हणाला. खऱ्या कंपनीने मला इतकं रडवलं होतं, की खोटी कंपनीच मला खरी वाटली.

ते अ‍ॅप म्हणजे आपली स्क्रीन दुसऱ्याला दिसायची सोय. पाठवलेल्या लिंकवर मी डेबिट कार्डाचा नंबर भरला. ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. सांगायची गरजच नव्हती, मेसेज माझ्या स्क्रीनवर आला आणि त्याने तो तिकडून वाचला. ९,९९९ आणि लगेच ८,९९९. माझ्याकडे कामाला असलेली मुलगी मागून ओरडली, "काका, फोन बंद करा, नेट बंद करा!" तिच्यामुळे तिसरा मेसेज आला नाही.

१९३० हा सायबर तक्रारीचा नंबर तिलाच पाठ होता. मी तोपर्यंत पाणी पीत बसलो होतो. अर्ध्या तासात तक्रार नोंदली, बँकेत कार्ड बंद केलं. दुसरी रक्कम पुढच्या खात्यात अडवून ठेवता आली, पहिली तोवर काढलेली होती. जितक्या लवकर १९३० लावाल तितकी अडवण्याची शक्यता जास्त. मी आधी त्या मुलाला परत फोन करून भांडण्यात दहा मिनिटं घालवली. तुम्ही घालवू नका. आणि नंबर शोधायचा तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जाऊन किंवा खोक्यावरचा बघा. शोधल्यावर वर दिसणारा नंबर खोटा असू शकतो, गूगल नकाशावरच्या नोंदीत तर नंबर बदलायची सूचना कुणीही पाठवू शकतं.

डिस्कसाठी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार केली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न बिलाचाच. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मला मुंबईला हेलपाटे घालावे लागणार नाहीत. पण माझ्या हातात एक व्हिजिटिंग कार्ड आहे आणि त्या बाईंच्या नावाची यूपीआय पावती. एक ओळखीचे वकील म्हणतात, पावती अगदीच वाया जाणार नाही. कागद जमवतोय.

डेटा काढून देणाऱ्याने पुण्याहून २८,००० सांगितले, तेही मिळेलच अशी हमी नाही. सात पत्रिका मी आणि दुकानातल्या त्या मुलीने रात्री जागून पुन्हा लावल्या. एका पत्रिकेत वराच्या आत्याचं नाव राहिलं, त्याचं ऐकून घेणं अजून संपलेलं नाही.

मागच्या आठवड्यात एक फोन आला. बँकेतून बोलतेय, तुमचे अडवलेले ८,९९९ परत मिळण्यासाठी अर्जावर सही लागेल, म्हणाल्या. मी काही न बोलता फोन कापला, चप्पल घातली आणि शाखेत गेलो. काउंटरवरच्या बाई हसत होत्या. फोन खरंच त्यांनीच केला होता.