रावेरला बेदाणा पिकवणाऱ्याला मी ८ हजार दिले

एमकॉमच्या शेवटच्या सेमला असाल आणि कोणी म्हटलं, भाऊ टेन्शन नको, प्रोजेक्ट आपण करून देतो, तर आधी हे वाचा.

माझा विषय होता रावेर तालुक्यातल्या केळीवाल्यांचा विक्री खर्च. ६० शेतकऱ्यांचे फॉर्म मी स्वतः भरले होते, एप्रिलच्या उन्हात बाईकवर निंभोरा, ऐनपूर, खिरोदा असं फिरून, काहींनी तर कटाई चालू असताना बांधावर उभ्या उभ्या माहिती दिली. आता फक्त टेबलं काढून लिहायचं होतं. पण हातात १२ दिवस, एक्सेलमध्ये बेरजेच्या पुढे मला काही येत नाही आणि गाईड सरांना विचारायची लाज. तिथंच माती खाल्ली.

झेरॉक्सच्या दुकानात एकाची ओळख झाली. ८ हजारात सगळं, ॲनालिसिस, बाइंडिंग, प्लेजरिझम रिपोर्टसकट (मजकूर किती टक्के कॉपी आहे ते सांगणारा). ५ हजार फोनपे केले आणि वरून फॉर्मचा ओरिजिनल गठ्ठाच देऊन आलो. झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो हो, तरी झेरॉक्स काढली नाही!

दहाव्या दिवशी पीडीएफ आली, दिसायला एक नंबर, रिपोर्टवर ७ टक्के. उरलेले ३ हजार लगेच टाकले. रात्री वाचायला घेतलं तर चौथ्या चॅप्टरमध्ये 'केळीच्या वेलींची ऑक्टोबर छाटणी', पुढे 'रावेर येथील बेदाणा शेड'. काय सांगू भो, कोणाचा तरी तासगावचा प्रोजेक्ट उचलून द्राक्षाच्या जागी केळी न तासगावच्या जागी रावेर, बस एवढंच केलेलं. टेबलात शेतकरी १२०, माझे तर ६०च!

फोन केला तर आधी 'करेक्शन देतो', मग बंदच. शेवटी सरांकडे गेलो. त्यांनी कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर ५२ टक्के, म्हणजे तो ७ वाला रिपोर्ट एडिट केलेला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, पण ४० ते ६० मध्ये गेलं की वर्षभर परत जमाच करता येत नाही. रिपोर्ट कॉलेजातूनच काढा रे बाबांनो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे अजून आले नाहीत. पैशाचं एकवेळ जाऊ द्या, फॉर्म गेले ते गेलेच. सरांनी मुदत वाढवून घेतली न मी परत ऐनपूरला. पहिल्याच मळ्यात आबा म्हणे, "काय रे, मागे लिहून नेलं त्याचं काय केलं?"

हरवलं म्हटलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही.