चावी हरवली, आणि म्हणे सीडीआय जळला

बाबांची 2003 सालची हिरो होंडा स्प्लेंडर अजून मी वापरतो. रंग उडालाय, सीट दोनदा शिवलंय, पण पंधरा वर्षांनंतरचं रीपासिंग झालेली, अर्ध्या किकला चालू होणारी गाडी. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी ती कोल्हापूरच्या बिंदू चौकात लावली आणि महाद्वार रोडला आईसाठी पूजेचं सामान आणायला गेलो. धो धो पाऊस. परत आलो तर खिशात चावी नाही. फुलवाला, कापूर-उदबत्तीचं दुकान, सगळीकडे पुन्हा जाऊन आलो. दुसरी चावी बाबांनी मागेच कधीतरी पन्हाळ्यावर पाडलेली.

फुटपाथवर एक म्हातारे चावीवाले पेटी आवरत होते. त्यांनी आधी गाडी बघितलीच नाही. म्हणाले, "आरसी दाखवा." आरसी घरी, तीही बाबांच्या नावावर. "मग उद्या घेऊन या. कागद बघितल्याबिगर गाडीची चावी करत न्हाई मी." मला रागच आला. भर पावसात माझ्याच गाडीजवळ मी चोर ठरलो की काय! चांगला माणूस मी तिथेच सोडला, हे आज लिहिताना जास्त टोचतंय.

चहाच्या गाड्यावरच्या एकाने नंबर दिला. दहा मिनिटांत एक तिशीतला गडी मोपेडवर हजर. "घाबरालायसा कशाला दादा, पाच मिनिटांचं काम हाय." आरसी नाही, नाव नाही, गाव नाही, काही विचारलं नाही. तेव्हा ते मला सोयीचं वाटलं. त्याने टाकीच्या झाकणात एक ब्लँक, म्हणजे खाचा न पाडलेली कोरी चावी, घातली, मोबाइलच्या उजेडात बघत कानस मारली, परत घातली. असं पंधरा-वीस मिनिटं चाललं. मग स्वीचकडे वळला, माझ्याकडे पाठ करून काहीतरी खुडबुड केली आणि तळहातावर चावीचा अर्धा तुकडा दाखवला. "आत मोडली बघा. गंजलाय स्वीच. गॅरेजला न्यायला लागतंय."

हँडल लॉक केलेलं नव्हतं. मी गाडीवर बसलो, त्याने मोपेडवरून पायाने ढकलत गाडी नेली. गॅरेज म्हणजे एका बोळातलं शटर. बोर्ड नाही. रात्रीचे दहा वाजलेले, आईचे फोनवर फोन. मी गाडी ठेवून रिक्षाने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिशेब हातात पडला. लॉकसेट (स्वीच आणि टाकीचं कुलूप) 1,400, सीडीआय 1,250, वायरिंग 700, मजुरी 500. एकूण 3,850 रुपये, वहीच्या फाटक्या कागदावर. सीडीआय म्हणजे प्लगला ठिणगी पाठवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, तो कशाला? तर म्हणे "स्वीच शॉर्ट झाला, त्यात जळला." जुने पार्ट मागितले तर सकाळीच भंगारवाला घेऊन गेला होता. ऑनलाइन पैसे चालत नव्हते, कारण मशीन बिघडलं होतं. मी एटीएमला जाऊन पैसे आणले. शिकलेला माणूस, पण गाडी अडकली की अक्कलही अडकते. त्याने दोन चाव्या हातात ठेवल्या. "ही स्वीचची, ही टाकीची."

आठवडाभरात गाडी तापली की बंद पडायला लागली. रंकाळ्याच्या कडेने दोनदा ढकलत आणली. शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी हेडलाइट उघडला, साइड कव्हर काढलं आणि मलाच विचारलं, "वायरिंग केलं म्हणतायसा, मग ही बाबांच्या काळातली चिकटपट्टी कशी काय ऱ्हायली?" सीडीआय लोकल, स्वीच लोकल. कंपनीचे जुने पार्ट गेलेले. असे चालू पार्ट कुणी भंगारात घालत नाही, त्यांना लगेच गिऱ्हाईक मिळतं, हे त्यांनीच सांगितलं.

मग चहा घेत त्यांनी समजावलं. या जुन्या गाड्यांच्या चावीत चिप-बिप काही नसतं, नुसता खाचा पाडलेला पत्रा. स्वीच बंद असला की सीडीआयची एक वायर गाडीच्या बॉडीला (अर्थला) जोडली जाते आणि प्लगला ठिणगी मिळत नाही. स्वीचचं या बाबतीतलं काम एवढंच. गाडी लावेपर्यंत नीट चालत असेल, तर नुसती चावी हरवून सीडीआय जळेल कसा? हा साधा प्रश्न मला त्या दिवशी सुचला नाही. कुणी असं सांगितलं तर जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय आणि नव्याचं खोकं बघितल्याशिवाय पैसे काढू नका. रात्री तर गाडी देऊच नका. ढकलत घरी नेली असती, तर फार तर घाम गेला असता.

ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर फिरवावा असं मनात आलं होतं. पण सांगणार काय? दुकानाला नाव नाही, बिलाला सही नाही. त्या बोळात परत गेलो तर शटर बंद. शेजारच्या किराणावाल्याला काहीच माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

मिस्त्री आणखी एक बोलले होते, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. "लॉकसेट नवा घातला तर दोन चाव्या कशाला? स्वीच आणि टाकी एकाच चावीवर चालतंय."

दिवाळीच्या साफसफाईत रेनकोट झटकला, तेव्हा अस्तरातून काहीतरी खणकन खाली पडलं. माझी जुनी चावी. खिशाच्या भोकातून आत उतरून बसलेली. खाली गेलो, टाकीच्या झाकणात घालून फिरवली. झाकण उघडलं. मग त्याने दिलेली 'टाकीची' चावी तिच्यावर ठेवून बघितली. खाचेला खाच जुळत होती. म्हणजे त्या रात्री बिंदू चौकातच, पावसात, माझ्या गाडीची चावी तयार झाली होती.